प्रवीणने हात वर केला

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. खुराड्यातलं अंडं नाहीसं झालं की नवरा म्हणतो मुंगूस. मी आधी शेजारच्या रंगूबाईच्या चुलीचा वास घेते. आमच्या कुडपणला हल्ली सुट्टीच्या दिवशी गाड्या घेऊन माणसं येतात, कड्यावर उभी राहून फोटो काढतात आणि आमच्या ओटीवर पिठलं-भाकरी जेवतात. त्यातला खरा भुकेला कोण आणि नुसता घर न्याहाळायला आत शिरलेला कोण, हे मला तो चपला काढतो तेव्हाच कळतं.

म्हणून राहुल नावाचा तो माणूस आला तेव्हा मी मनात म्हटलं, हा कडा बघायला आलेला नाही. एकटाच, आणि तोही आडवारी. एकही फोटो काढला नाही. भाकरी मोडता मोडता वर बघून म्हणाला, "कौलं नवीन घातलीत वाटतं?"

"माकडांनी जुनी फोडली."

"छान झालंय घर. प्रवीण असतो का इथे?"

प्रवीणचं नाव मी काढलंच नव्हतं. पिठल्याचा डाव माझ्या हातातच राहिला.

प्रवीण माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो शेंबडा पोर होता, सासू गेल्यावर माझ्या पदराला धरून वाढला. नवरा तेव्हा मुंबईला हॉटेलात कामाला. त्यानं पुढे त्याला शिकायला तिकडे नेलं. शाळेत कबड्डी नव्हती, फुटबॉल होता. कबड्डीनं घोटलेले पाय, त्यांना कुठला खेळ अवघड जाणार? बघता बघता तो एका क्लबात घेतला गेला, पगारी. दर मोसमाला नवा करार. गावात आमची मान ताठ झाली, हे मी कशाला लपवू?

आणि मग ती फायनल. अख्खं गाव देवळामागच्या चढावर जमलं होतं, कारण मोबाईलवर सामना दिसेल एवढी रेंज तिथेच. बरोबरी सुटेना, जादा वेळ दिला तरी सुटेना, शेवटी पेनल्टी. प्रवीणनं मारली. मारताना त्याचा टेकलेला पाय घसरला, चेंडू मात्र जाळ्यात गेला. रेफ्रीनं गोल दिला. चढावर पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणि तेवढ्यात आमच्या या शहाण्यानं हात वर केला. रेफ्री जवळ आला, काहीतरी बोलला, यानं मान हलवली. गोल रद्द. क्लब हरला.

त्यानंतर त्या वर केलेल्या हाताचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरायला लागला. हात कुणाला दाखवला? इशारा कुणाला होता? किती घेतले असतील? पोलादपूरच्या बाजारात भाजी निवडताना मी हे माझ्या कानांनी ऐकलं. प्रवीण गावी आला तो पडलेलं तोंड घेऊन. दिवसभर कुणाशी बोलायचा नाही आणि संध्याकाळ झाली की गोठ्यामागं जाऊन हळू आवाजात फोनवर बोलायचा. आता सांगा, माझ्यासारखीनं काय समजायचं?

एक दिवस त्याला ताट वाढलं आणि समोर बसले. "खरं सांग रे. कुणाला विकलास खेळ?"

घास तसाच ठेवून त्यानं माझ्याकडे बघितलं. "वयनी, तू पण?"

"मीच. दुसऱ्या कुणी तोंडावर विचारलाय का तुला?"

"लागला व्हता गो चेंडू. घसारलो नि दुसऱ्या पायाला लागला. लागल्यावर हात वर करत्यात ना? केला."

मला हसावं की त्याला एक ठेवून द्यावी, कळेना. आमच्याकडे कबड्डीत चढाई करणाऱ्याचा नुसता बोटभर स्पर्श झाला, तरी ज्याला लागला तो आपणहून हात वर करून बाहेर जातो. पंचानं बघितलं असो नसो. यात मोठेपणा कुणी मानत नाही, लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. हा गाढव ते अंगवळण घेऊन फायनलला गेला होता.

"मग फोन कुणाला करतोस?"

"क्लबातल्या सरांना. एकदा भेटा म्हणून. ते ऐकत नाय."

माझा विश्वास बसला का? बसला, पण पूर्ण नाही. स्वभावच तसा, काय करणार.

तर या माणसानं प्रवीणचं नाव घेतलं तेव्हाच मी ओळखलं, तेच सर आता माझ्या ओटीवर जेवत होते आणि कौलांची चौकशी करत होते. मी डाव भांड्यात आपटला. "माझ्या दिरानं पैसे घेतलेत की काय, तेच बघायला आलात ना? मग नीट बघा. गोठा बघा, माळा बघा. आणि बघून झालं की माझं पण ऐका."

मग त्यांना कबड्डी सांगितली, हात सांगितला, सगळं. माणूस ऐकणारा होता. हात धुऊन परत ओटीवर येऊन बसला.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "वहिनी, तुम्हाला नियम माहीत आहे? पेनल्टीला चेंडूला दोनदा पाय लागला तर गोल धरत नाहीत. पण चुकून लागला असेल तर पुन्हा मारू देतात. हे आत्ता नवीन झालंय. मुद्दाम लावला असेल तरच संपलं."

"मग तो घसरला होता की! पुन्हा का मारू दिली नाही?"

"रेफ्री म्हणतो, ज्यानं स्वतःहून हात वर केला त्याला आपण काय केलं हे ठाऊक होतं. म्हणजे मुद्दाम. यावरून अजून भांडणं चालू आहेत. पण निकाल काही फिरत नाही."

"म्हणजे खरं बोलला, तेच नडलं?"

"हो."

प्रवीण तेवढ्यात रानातून आला. सरांना बघून दारातच थबकला. राहुल सरांनी त्याला जवळ बसवून घेतलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पैसे घेतले असतेस तर सोपं होतं. तुला काढलं असतं आणि विषय संपला असता. पण असा खेळाडू मी पुढच्या मोसमात उतरवू कसा? बाकीचे दहा जण जीव तोडून खेळणार आणि तू हात वर करणार. बघायचं काम रेफ्रीचं आहे, तुझं नाही. एवढं तुला जमणार असेल तर करार तयार आहे. नसेल तर आत्ताच सांग."

मला मेलीला त्या क्षणी वाटलं, म्हण रे, जमेल म्हण. करार गेला तर तोही भावासारखा हॉटेलात टेबलं पुसणार, हे मला डोळ्यासमोर दिसत होतं.

"सांगतो सर," एवढंच तो म्हणाला.

बाहेरून पोरांनी हाक मारली. भातकापणी झाली की मोकळ्या शेतात राखेच्या रेषा मारून कबड्डी होते. वरची वाडी विरुद्ध खालची वाडी. प्रवीण उठला, सदरा काढून दोरीवर टाकला आणि गेला. सरही बघायला आले, बांधावर माझ्या शेजारी उभे राहिले.

खेळ अटीतटीचा झाला. शेवटी आमच्या वाडीचे सगळे गडी बाद, एकटा प्रवीण उरला. वरच्या वाडीचा मंगेश चढाईला आला. हा मंगेश त्याचा लंगोटीयार. मंगेशनं प्रवीणला कोपऱ्यात घेतलं, खाली वाकला आणि हात फेकला. प्रवीणनं उडी मारली. मंगेशची बोटं त्याच्या टाचेला घासून गेली. मी त्याच बाजूच्या बांधावर होते, मला स्पष्ट दिसलं. मंगेश दम राखून आपल्या बाजूला परतला.

"लागलाय!" मंगेश ओरडला.

पंच मुरारीकाका पलीकडच्या बाजूला होते. त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी नेहमीसारखं सरळ प्रवीणलाच विचारलं, "परवीन, लागला का रे?"

प्रवीणचा उजवा हात हलला. कोपरापर्यंत आला. त्यानं बांधाकडे बघितलं, माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी. आणि तो हात त्यानं केसांतून फिरवला.

"नाय."

"नाय तर नाय," मुरारीकाका म्हणाले. "मंगेश, चल, खेळ पुढं."

मंगेश एकदा त्याच्याकडे बघत राहिला, मग स्वतःच्या बोटांकडे. "मलाच वाटला आसंल," म्हणाला आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. वरच्या वाडीतून कुणी चकार शब्द काढला नाही. प्रवीण नाही म्हणतो म्हणजे नाही लागला, यात त्यांना शंका घेण्यासारखं काही नव्हतंच. पुढच्याच चढाईत प्रवीणनं गडी टिपले आणि आमची वाडी जिंकली.

"शिकेल," राहुल सर स्वतःशीच म्हणाले आणि गाडीकडे निघाले.

पोरं प्रवीणला खांद्यावर घ्यायला बघत होती. तो त्यांच्यातून निसटून माझ्याकडे आला, धापा टाकत, पाण्यासाठी हात पुढे करून. मी तांब्या दिला. तो घटाघटा प्यायला, माझ्याकडे न बघता. मी काय विचारणार, याची तो वाट बघत असावा.

मी काही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला कसलाही संशय उरला नव्हता.