काळ्या फितीचा गठ्ठा

माझ्या थोरल्या लेकीचं जमलेलं लग्न ज्या वर्षी मोडलं, त्याच वर्षी सरकारनं न्यायखातं वेगळं काढलं. लग्न मोडायला कारण माझा धाकटा भाऊ. तो तुरुंगात होता. गोदामातल्या मारामारीत त्याचं नाव आलं होतं. गुन्हा शाबित झाला असता तरी सहा महिन्यांवर शिक्षा नव्हती. पण खटल्याला तारीखच लागेना, आणि कच्चा कैदी म्हणून त्याला आत तिसरं वर्ष लागलं. "मुलगी गुणाची आहे हो, पण चुलता..." एवढंच बोलून मुलाकडचे उठले. चहासुद्धा अर्धा ठेवून गेले.

मी तेव्हा गृहखात्याच्या कचेरीत शिपाई होतो. माणसाला पकडायचं, त्याच्यावर खटला चालवायचा आणि त्याला डांबून ठेवायचं, हे सगळं त्या एकाच खात्याकडे असे. आता सरकारचे खटले, कायद्याचा सल्ला, दयेचे अर्ज आणि कच्च्या कैद्यांची तपासणी नव्या खात्याकडे जाणार होती. तिथं दप्तर सांभाळायला माणूस हवा होता. निवडायला बसल्या होत्या त्या खात्याच्या प्रमुख बाई, वकिली सोडून आलेल्या.

"भाऊ तुरुंगात आहे," मी आधीच सांगून टाकलं.

"असू दे. लिहितावाचता येतं ना?"

"येतं की!"

धडधडीत खोटं बोललो. मला सहीपुरती नावाची अक्षरं गिरवता येत होती, बस्स. पण भावाचा कागद त्या खात्यात यायचा होता, आणि मला त्या कागदाच्या जवळ असायचं होतं.

गृहखात्यात आम्हा शिपायांपैकी निम्म्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून सगळा कारभार फितींवर चाले. लाल फीत बांधलेला गठ्ठा म्हणजे हातातलं काम टाकून पळायचं. पांढरी म्हणजे चालू प्रकरण. काळी म्हणजे मिटलेलं. ते तळघरात नेऊन ठेवायचं. तेरा वर्षं मी अशी काढली, कुणाला शंका आली नाही.

नव्या खात्याला जुन्या छापखान्याची इमारत मिळाली. फितींची रीत मात्र तिथंही तीच राहिली. फरशीवर शाईचे डाग होते, कितीही घासले तरी निघत नव्हते. बाईंच्या टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली विटेचा तुकडा. एकदा मी विचारलं, "बाई, असलेलं खातं फोडून हे दुसरं कशाला?"

त्या म्हणाल्या, "पकडणारा आणि खटला चालवणारा एकाच घरात राहिले, तर 'तुझं चुकलं' असं पकडणाऱ्याला सांगणार कोण? म्हणून वेगळं घर."

मला ते पटलं. घरी जाऊन मी ते लेकीला जसंच्या तसं सांगितलं. तिनं त्याच आठवड्यात काकासाठी सदरा शिवायला घेतला.

यादी व्हायला महिने गेले. शिक्षेपेक्षा जास्त काळ आत बसलेले एक्केचाळीस जण निघाले. एका गुरुवारी सुटकेच्या हुकमावर सही झाली. "सतरावं नाव तुमच्या भावाचं," बाई जाता जाता म्हणाल्या. त्या दुसऱ्या तुरुंगांच्या तपासणीला निघाल्या होत्या.

संध्याकाळी माझ्या टेबलावर एक गठ्ठा होता. वर चिठ्ठी, आणि काळी फीत. मी तो तळघरात नेऊन ठेवला. लाल फितीचा गठ्ठा काही आला नाही. बाईंनी परस्पर पाठवला असेल, असं मी धरून चाललो.

रविवार हा भेटीचा दिवस. मी जाळीतून म्हणालो, "सही झाली. कागद निघालाय."

दुसऱ्या रविवारी भाऊ हसायला लागला. "दादा, तुझं खातं कागद रांगत पाठवतं का रे?"

"सरकारी काम आहे, येईल."

"थोरलीला सांग, सुटलो की आधी त्या अर्धा चहा ठेवणाऱ्यांच्या दारात जातो. म्हणतो, उरलेला तुम्हाला पाजायला आलोय."

तिसऱ्या रविवारी तो जाळीपाशी आला नाही. ताप आहे, पहारेकरी म्हणाला. आमच्या कारकुनाला विचारावं असं सोमवारी दिवसभर मनात होतं. पण त्यानं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं असतं आणि "तुम्हीच बघा की" म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाही.

मंगळवारी दुपारी बाई परतल्या. "तुरुंगाची पोच कुठंय?" सगळे शोधायला लागले. कारकुनानं तळघरातून तो गठ्ठा वर आणला आणि चिठ्ठी माझ्या नाकासमोर धरली. "अहो, एवढं ठळक लिहिलंय! डोळे फुटले होते का तुमचे?"

"मी काळी फीत बघितली," मी म्हणालो.

बाईंनी फितीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं. "लाल संपली होती," त्या हळूच म्हणाल्या. "हाताला लागली ती मी बांधली."

आम्ही जीपनं तुरुंगात गेलो. तुरुंगाधिकारी एकेक नाव वाचत होता, बोट यादीवर ठेवून. सतराव्या नावावर बोट थांबलं.

"हा सकाळी वारला. टायफॉइड होता."

मग त्यानं अठरावं नाव वाचलं. चाळीस माणसं माझ्यासमोरून फाटकाबाहेर गेली. लेकीनं शिवलेला सदरा माझ्या काखेत होता.

बाईंनी मला काढलं नाही. त्यांनी नियम केला: डांबलेल्या माणसाच्या कागदाला कसलीच फीत बांधायची नाही, देणाऱ्यानं तो मोठ्यानं वाचायचा आणि नेणाऱ्यानंही वाचायचा. नेणारा म्हणजे मी. म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला अक्षरं शिकवली. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. पहिल्यांदा सबंध वाचली ती तीच चिठ्ठी: 'आजच तुरुंगात पोचवा.'

लेकीला खरं काय घडलं ते सांगायला मला आणखी दोन वर्षं लागली. तिनं ऐकून घेतलं आणि सदरा पेटीतून काढून माझ्या हातात दिला. तो मी वापरला नाही.

माझा धाकटा भाऊ न्यायखातं निघाल्यावर सातव्या महिन्यात, मंगळवारी सकाळी, तुरुंगाच्या दवाखान्यात वारला. त्याच्या सुटकेवर सही होऊन तेव्हा एकोणीस दिवस झाले होते.