कप्तानाचा होकार

मित्रांनो, सध्या माझा मुक्काम इंग्लंडातल्या एका दिवाणखान्यात आहे आणि माझ्या पोटात सुकलेली फुलं खोचून ठेवली आहेत. कॉफीच्या किटलीच्या नशिबी याहून वाईट काही येत असेल, तर मला ते ठाऊक नाही.

मी जन्मले ओमानमधल्या निझवा शहराच्या तांबट आळीत. तांबटानं माझी चोच जरा लांबच काढली. त्याची बायको म्हणाली, "किटली घडवलीत का पोपट?" पण या चोचीतून ओतताना थेंब इकडेतिकडे उडत नसे. हे माझं मीच सांगते, कारण सांगणारं दुसरं कुणी आता उरलेलं नाही.

मला विकत घेतलं झहराननं. तिथल्याच वाळवंटाच्या कडेला सुवैहरा नावाचं खजुराचं गाव होतं, त्याचा तो शेख. डोंगरापासून जमिनीखालून एक पाट गावात येई. त्याला फलज म्हणत. प्यायला तेच पाणी, खजुराला तेच, आणि माझ्या पोटातही तेच. रोज सकाळी वेलदोड्याची कॉफी माझ्यात उकळे आणि अंगणात माणसं जमत. ते माझे चांगले दिवस होते.

एकदा शिपायांनी एका इंग्रजाला उंटावरून आणून आमच्या अंगणात उतरवलं. सुलतानाच्या फौजेत उसना आलेला हा कप्तान, राल्फ पेंडल त्याचं नाव, काविळीनं हळदीसारखा पिवळा झाला होता. झहरानची आई मौझा हिनं त्याला आपल्या हातानं भरवलं, शिव्या देत देत बरं केलं. उठून बसू लागला तसा तो बैठकीत आला. आमच्याकडे पाहुण्यानं पेला हलवला की पुरे असा अर्थ; न हलवता परत दिला की आम्ही पुन्हा भरतो. कप्तानाला हे कुठलं माहीत? नको म्हणणं त्याला असभ्यपणाचं वाटे. तो पीत राहिला, मी ओतत राहिले. शेवटी मौझाच ओरडली, "अरे पोरा, पेला हलव! पोट फुटलं तर शिवायला मी मोकळी नाही!"

सगळी बैठक हसली, आणि कप्तानही लाल होऊन हसला. माणूस खरंच लाघवी होता. फौजेत 'होय सर' म्हणायला शिकला होता आणि घरी आईनं 'हो, नक्की' म्हणायला शिकवलं होतं. नाही म्हणायला मात्र त्याला कुणीच शिकवलं नव्हतं.

झहरानशी त्याची भावासारखी गट्टी जमली. काही वर्षांनी फौज सोडताना तो भेटायला आला, तेव्हा झहराननं मलाच त्याच्या हातात ठेवलं. मौझा कुरकुरली, "चांगली किटली दिलीस घालवून." मला वाटलं, आता बोटीनं विलायतेला. पण कप्तान गेला तेल कंपनीत. जमिनीच्या पोटातलं ओळखणारे कंपनीकडे भरपूर होते. जमिनीवरच्या माणसांशी बोलणारा एकही नव्हता. पेंडल साहेब गावोगाव जाई, कॉफी पिई, हसवी आणि रस्त्यासाठी, छावणीसाठी शेखांचा होकार घेऊन येई. बघता बघता तो मोठा अधिकारी झाला. समुद्राकाठी त्याचं थंडगार ऑफिस होतं आणि तिथं पितळी ताटात मी. आल्यागेल्याला शिपाई माझ्यातून कॉफी देई. पाहुणे माझी चोच वाखाणत. मी फुशारून जाई, खोटं कशाला सांगू!

एक दिवस दारात झहरान उभा राहिला. दाढी पांढरी झाली होती. कप्तान धावत गेला, आमच्या रीतीनं नाकाला नाक लावून भेटला. शिपायानं पेला भरला. झहराननं तो घेतला आणि न पिता समोर खाली ठेवला.

आमच्याकडे पाहुणा कॉफी न पिता खाली ठेवतो, तेव्हा तो काहीतरी मागायला आलेला असतो. यजमान 'पी, तुझं काम झालं' म्हणेपर्यंत तो पेल्याला शिवत नाही. आणि यजमानानं तसं म्हटलं की तो शब्द मोडता येत नाही.

"बोल भावा," कप्तान म्हणाला.

"तुमच्या छावणीनं वरच्या अंगाला खोल विहिरी खणल्या. फलज आटतोय, कप्तान. खजूर शेंड्याकडून वाळायला लागलेत."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. डोंगरावरचे माझे मामेभाऊ म्हणतात, सगळं गाव घेऊन वर या. जमीन देतो, पाण्याचा वाटा देतो. पण या हिवाळ्यात हो म्हणा, नाहीतर दुसऱ्यांना देऊ. आता तू सांग. विहिरी बंद होणार असतील तर आम्ही बापजाद्यांची झाडं सोडत नाही. होणार नसतील तर उद्याच निघतो."

विहिरी बंद करणं कप्तानाच्या हातात नव्हतं. तो हुकूम लंडनहून यायचा. मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. पण समोर भरला पेला निवत होता आणि ज्याच्या आईनं त्याला जगवलं, तो माणूस त्याच्याकडे बघत होता. ते त्याला सोसवेना.

"पी भावा," तो म्हणाला. "तुझं काम झालं."

झहराननं एका दमात पेला रिकामा केला, डोळे पुसले आणि निघून गेला. मला ओरडावंसं वाटलं, अरे थांब! पण मित्रांनो, मला तोंड आहे ते फक्त ओतण्यापुरतं.

कप्तानानं लगेच लंडनला फोन लावला. सुरुवातीला जोरात बोलला, मग हळू, आणि शेवटी नुसतं 'होय सर, होय सर'. नोकरी सोडण्याचा विचार त्याच्या मनात आला असावा, कारण तो बराच वेळ खिडकीशी उभा होता. पण पेन्शन जवळ आली होती, मुली शाळेत होत्या. निदान गावी जाऊन खरं तरी सांगायचं! 'उद्या जातो' म्हणाला. पुढच्या आठवड्यातही तेच म्हणाला. तसाच हिवाळा सरला.

निवृत्त होऊन मायदेशी जाण्याआधी तो मला मांडीवर घेऊन सुवैहऱ्याला गेला. गाव ओळखू येईना. खजुरांचे नुसते खुंट उभे होते. एका घरासमोर मौझा बसली होती, एकटी.

"आलास?" ती म्हणाली.

"झहरान कुठाय, आई?"

"पुरला त्याला. गावाचा शेख, आणि तुमच्याच छावणीच्या फाटकावर पहारेकरी झाला. लोक त्याला शिव्या देत घरं सोडून गेले, कारण त्यानंच त्यांना थांबवलं होतं. मरेपर्यंत म्हणत होता, कप्तानानं शब्द दिलाय."

"मी खूप प्रयत्न केले, आई. माझ्या हातात काही नव्हतं."

"मग तसं सांगायचंस!" म्हातारी कडाडली. "तुझ्या नाहीनं आम्ही मेलो नसतो रे. उठलो असतो आणि डोंगर चढलो असतो. तू गोड बोललास म्हणून बसून राहिलो."

कप्तानानं मला पुढे केलं. "ही तुमची. परत आणलीय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही मला पोटाशी धरील.

"घेऊन जा," ती म्हणाली. "तिच्यात घालायला पाणी कुठून आणू?"

म्हणून मी इथं आहे. म्हातारा कप्तान माझ्याकडे पाठ करून बसतो आणि मोलकरीण माझ्यावरची धूळ पुसते. मी तिला काही सांगू शकत नाही.

मित्रांनो, जुनी भांडी जपा, चिंच लावून घासा, असं मी म्हणायला हवं. पण माझं राहू द्या. तुमच्या दारी कुणी आशेनं आलं आणि तुमच्या हातात काही नसलं, तर त्याला तोंडावर नाही म्हणा. त्याला वाईट वाटेल, तर वाटू द्या. तो वेळेत दुसरं दार गाठेल.