कमालशेटच्या थाळ्यातली सुरमई

शुक्रवारच्या नमाजानंतर कमालशेटकडे जेवायला जायचं म्हणजे एक मोठा थाळा, त्याभोवती चार-पाच जण आणि तोंडी लावायला अमेरिकेवरचं भाषण. आखातात येऊन शेटची तांदळाची गोदामं झाली, अरादला व्हिला झाला, पण घरची जुनी रीत त्यांनी सोडली नव्हती. भात मधोमध, मासा मोडायचा तो थोरल्याने, आणि तो ज्याच्यापुढे तुकडा सरकवेल त्यानेच तो खायचा. भाषण मात्र सगळ्यांना सारखं मिळे.

तिथल्याच सीफ भागातल्या एका ऑफिसात क्लार्क असलेल्या इलियासने ते अठरा वर्षं मान डोलावत ऐकलं होतं. शेटच्याच भातावर बसून शेटशी वाद कोण घालणार? शिवाय सुरमई चांगली असे.

आज मात्र शेजारी त्याचा भाचा नावेद होता. नावेद जुफेरच्या अमेरिकन तळावर एसी दुरुस्त करायचा, आणि शेटच्या मुलीने, हुदाने, लग्न करीन तर याच्याशीच असं घरात सांगून टाकलं होतं. मागणी घालायला इलियास त्याला घेऊन आला होता. शेटने सगळ्यांपुढे सुरमई ठेवली आणि नावेदपुढे नुसता भात सोडला. पोराने मान खाली घातली. ते बघून इलियासचा हात थाळ्यावरून मागे आला.

"पोरगा चांगलाय," शेट म्हणाले, "पण लढाईची भाकरी खातो. हे लोक तेलासाठी दुसऱ्यांची घरं मोडतात आणि हा त्यांच्या खोल्या थंड करतो. मी मुलगी देणार नाय."

"कमालभाई," इलियास म्हणाला, आणि आपलाच आवाज ऐकून दचकला. "नव्वद साली तुम्ही कुवेतला होता ना?"

शेट खुलले. ही त्यांची आवडती गोष्ट. "होतो तर! दुकान लुटलं, अंगावरच्या कपड्यांनिशी जॉर्डन गाठला. वाळूत झोपलो, तीन दिवस बिस्किटांवर काढले."

"आणि वर्षभरात परत जाऊन त्याच दुकानाचं शटर उघडलंत. मधल्या काळात ती इराकची फौज तिथून कोणी हाकलली? आपण तर रत्नागिरीत दुआ मागत होतो."

कोणीतरी खोकला. शेट म्हणाले, "तेलासाठी आले होते ते."

"असतील. आपण तरी आखातात कशाला आलो, खजूर खायला?"

आता मात्र सगळे हसले. शेटची मिशीही हलली, पण ते हटणाऱ्यातले नव्हते. "आणि नंतरचा इराक? किती माणसं मेली, त्याचं काय?"

इलियासला हे टाळता आलं असतं. त्याने टाळलं नाही. "ती चूक होती. साफ चूक. तिथं तुमचं बरोबर आहे, आणि मी त्याची तरफदारी करणार नाय. पण ती एक लढाई वाईट म्हणून सगळ्याच तशा कशा? तुमची तांदळाची जहाजं ज्या पाण्यातून येतात, तिथं पहारा लागतो हे तुम्हीच गेल्या रमजानात सांगितलंत. तो पहारा नावेदच्या तळावरूनच निघतो. त्या पहाऱ्याचा तांदूळ आपण सगळे आता खातोय. मग एकट्या नावेदचीच भाकरी लढाईची कशी?"

हुदा भाताचं भांडं घेऊन दारातच थांबली होती. इलियासचं अठरा वर्षांचं मौन असं एका दमात संपलं होतं. आता आपल्याला पुन्हा या घरात कोणी बोलावणार नाही, असं त्याला खरंच वाटलं.



"पुढच्या शुक्रवारी मी व्हिएतनाम काढणार आहे," शेट म्हणाले. "तयारी करून ये."

"इंशाल्ला."

बोलता बोलता शेटने स्वतःपुढचा सुरमईचा मधला तुकडा मोडला, काटा काढला आणि भातावरून नावेदच्या बाजूला सरकवला.

"खा," ते म्हणाले. "या घरात जावयाने तुकडा शिल्लक ठेवलेला चालत नाय."