सुलक्षणाचं नाव

सहा वर्षांची झाली तरी सुलक्षणाला दोनच शब्द येत होते, ‘आई’ आणि ‘नाय’. त्यातला दुसरा ती जास्त वापरायची.

एकाहत्तरच्या जूनमध्ये तिची आई जानकी तिला घेऊन विक्रोळीतल्या, चाळीजवळच्याच शाळेत गेली. मुख्याध्यापिकेने नाव विचारलं. सुलक्षणाने तोंड उघडलं, ओठ वेडेवाकडे झाले आणि नुसता ‘ऊ...आ’ असा आवाज आला.

“ही मंद आहे. तसल्या मुलांच्या वेगळ्या शाळा असतात,” बाई म्हणाल्या.

“तिका सगळा कळता,” जानकी म्हणाली. रागावली की कधीकधी तिच्या तोंडून मालवणी यायची.

“मग बोलत का नाही?”

ह्याचं उत्तर शोधायला जानकी मुलीला घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेली. तिथे कानाच्या विभागाशेजारच्या लहानशा खोलीत नलिनी कर्णिक बसायच्या. मुलांना बोलायला शिकवणं हेच त्यांचं काम. असंही काम असतं हे जानकीला त्या दिवशी कळलं.

नलिनीबाईंनी चित्रं मांडली. “झाडाच्या मागे लपलेली मांजर कुठली?” सुलक्षणाने बरोबर बोट ठेवलं. तीसपैकी तीस चित्रं तिने ओळखली. मग बाई म्हणाल्या, “आता जीभ बाहेर काढ बघू.” सुलक्षणाने मान ताणली, डोळे मिटले, पण जीभ काही बाहेर येईना. बाईंनी तिच्या वरच्या ओठाला मध लावला. जीभ लगेच बाहेर आली आणि मध चाटून आत गेली.

“बघितलंत? जिभेत ताकद आहे, डोकं तर चांगलंच तल्लख आहे,” बाई म्हणाल्या. “काय बोलायचं ते तिला ठाऊक असतं. पण मुद्दाम बोलायला गेली की ओठ कधी हलवायचे, जीभ कुठे लावायची, ह्याचा मेळ बसत नाही. तो एकेक करून शिकवावा लागेल. वेळ लागेल.”

जानकीने डोळे पुसले नाहीत. “हे कागदावर लिहून द्या,” ती म्हणाली.

मुख्याध्यापिकेने कागद वाचून परत दिला. “पुढल्या जूनला मुलीने स्वतः नाव सांगितलं तर घेते.”

आठवड्यातून दोनदा हॉस्पिटल सुरू झालं. आरशासमोर बसायचं, मांडीवर हाताने ताल धरायचा, एका थापेला एक अक्षर. ‘क’साठी बाई तिच्या हनुवटीखाली बोट दाबायच्या, ‘म’साठी ओठ चिमटीत धरायच्या. जानकी घरी तेच करून घ्यायची, तेही उंबरठ्यावर, उजेडात. येणारेजाणारे थांबून बघायचे. कुणी हसायचं.

“दार तरी लाव गं,” अनंता, तिचा नवरा, म्हणाला.

“कशाला? चोरी करतोय काय आम्ही?”

दिवाळीनंतर नलिनीबाईंनीच सुचवलं, “शाळेपुरतं नाव बदलू या का? ‘मनी’ ठेवू. ‘क्ष’ फार अवघड जातो हिला.”

“नाय!” सुलक्षणाने टेबलावर हात आपटला. मधाची बाटली आडवी झाली.

बाई हसल्या. “बरं बाई. मग ह्याच नावाच्या मागे लागू.”

एका नावाला सात महिने लागले. कधी ‘सु’ यायचा तर ‘ल’ हरवायचा. एकदा चिडून तिने घरचा आरसा भिंतीकडे वळवून ठेवला आणि दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच सरळ केला.

जून आला. मुख्याध्यापिकेने विचारलं, “नाव काय?”

सुलक्षणाने मांडीवर थाप मारली. “सु.” मग ‘ल’ हरवला. बाई म्हणाल्या, “सुल...” तशी सुलक्षणाने हात वर करून त्यांना थांबवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

“सु. लक्. शा. णा.”

“हे काही स्वच्छ नाही,” बाई म्हणाल्या. “वर्गात पोरं हसतील.”

“हसू देत. त्यांना गप्प करणं तुमचं काम,” जानकी म्हणाली. “तुम्ही नाव विचारलंत, तिने सांगितलं. आता लिहा.”

बाईंनी पेन उचललं आणि जानकीकडे बघून विचारलं, “वडिलांचं नाव?”

जानकी सांगणार तोच सुलक्षणाने तिचा पदर ओढला. “नाय.” हे नाव तिच्याकडून कुणी घोकून घेतलं नव्हतं. तिचा चेहरा लाल झाला, थाप दोनदा चुकली.

“अ. नं. ता.”

जानकी मुलीकडे बघतच राहिली. बाईंनी मान खाली घालून लिहिलं.

वर्गात पोरं हसलीच. हजेरीला सुलक्षणाचं ‘हजर’ पुरं व्हायच्या आत गुरुजी पुढचं नाव घेत. ती बसत नसे. उभी राहून आपला शब्द पुरा करी, मग पुढच्या मुलीचं ‘हजर’ त्यात बुडालं तरी चालेल. तीन दिवस हा गोंधळ झाला. चौथ्या दिवशी तिचं नाव घेतल्यावर गुरुजींनी पेन खाली ठेवलं, आणि थांबले.