भिंतीकडची ओळ

मास्तरांचा जन्म शिवणयंत्रावर गेला. चिंधीसुद्धा त्यांनी कधी वाया घालवली नाही. म्हणून बायकोची भिंतीकडची ओळ त्यांच्या डोळ्यांत खुपायची. दर वर्षी ती आधी परसातल्या दगडी भिंतीलगत वाटाणा पेरायची, मग वाफ्यात. वाफ्यातला उगवायचा, भिंतीकडचा कधीच नाही.

"बी फुकट घालवतेस," मास्तर म्हणायचे.

"ती ओळ माझ्या माहेरच्यांची हो!" ती हसायची आणि देवाचं गाणं गुणगुणत माती सारखी करायची. माहेरचं तर तिचं कुणीच उरलं नव्हतं. मास्तर थट्टा समजून सोडून द्यायचे.

यंदा ती नव्हती. डब्यात तिनं राखलेलं मूठभर बी होतं, तेवढंच. ते रुजलं तर तिच्या हातचं काही घरात राहणार होतं. मास्तरांनी भिंतीकडची ओळ गाळली आणि झाडून सगळं बी वाफ्यात पेरलं.

कोंब काही दिसले नाहीत. दिसली ती मातीत कोरलेली नेटकी भोकं, आणि कडेला सालपटांची छोटीशी रास.

"रानउंदीर," शेजारच्या नर्सबाई कुंपणावरून म्हणाल्या. "भिंतीच्या भेगांत राहतात, कडेकडेनंच फिरतात. पुरलेला दाणा वासावर हुडकतात मेले. ताई म्हणायच्या, दारातच पोट भरलं तर वाफ्यापर्यंत कशाला येतील? तुम्हाला नव्हत्या का बोलल्या?"

"बोलली होती. तिच्या पद्धतीनं."

कळलं तरी राग कुठे जातो? मास्तरांनी पिंजरा लावला. सकाळी आत एक सापडला. टपोरे डोळे, मोठाले कान, पोट पांढरंशुभ्र. थरथरत कोपऱ्यात बसलेला.

"आणखी काय न्यायचं राहिलंय रे माझ्या घरातून?" मास्तर ओरडले आणि स्वतःच दचकले. कित्येक दिवसांत घरात पहिल्यांदाच कुणी मोठ्यानं बोललं होतं.

त्याला लांब माळावर सोडावं म्हणून ते पिशवी आणायला अवजारांच्या खोलीत गेले. तिथे खुंटीवर तिचा बागेतला कोट होता. त्यांनीच शिवलेला, ती गेल्यापासून हात न लावलेला. खिशातून कापूस लोंबत होता. अस्तर कुरतडून कुणीतरी बिळात अंथरायला नेलं होतं. मास्तरांची बोटं सवयीनं उसवलेल्या टाक्यावर गेली, तिथून खिशात उतरली, आणि थबकली.

आत वाटाणे होते. काही उष्टे, काही अख्खे. थंडीची बेगमी.

मास्तर तिथेच पालथ्या बादलीवर बसले. ज्याला चोर ठरवलं, त्यानं ठेव तिच्याच खिशात आणून ठेवली होती. देवाचा हिशेब आपल्या गजपट्टीनं कसा मोजावा?

उष्टे दाणे त्यांनी खिशातच राहू दिले. पिंजरा भिंतीशी नेऊन उघडला. उंदीर क्षणभर बावरला, मग कडेकडेनं पळत भेगेत शिरला. मास्तर खाली वाकले आणि अख्खे दाणे भिंतीलगत पेरू लागले.

"अहो मास्तर! बी आधीच थोडं, त्यात पुन्हा तिथे?" नर्सबाईंनी कुंपणावरून विचारलं.

"सासरवाडीची माणसं आहेत हो," मास्तर म्हणाले. "उपाशी कशी ठेवू?"

उरलेले दाणे वाफ्यात गेले. माती सारखी करताना तिचं गाणं म्हणावंसं वाटलं. शब्द काही आठवेनात. मग नुसती चालच गुणगुणत ते बराच वेळ मातीवरून हात फिरवत राहिले.