दारापुढचा उतार

वेल्डर तेराव्या तारखेला कोर्टात पोचला तेव्हाच त्याचं डोकं तापलेलं होतं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. अहो, पण ज्याला फरफटत आणलंय त्या प्रतिवादीनं काय करावं?

भानगड होती दारापुढच्या चार हात जागेची. तिथे त्याला लोखंडी उतार बसवायचा होता, कारण आईचे पाय गेल्यापासून तिची चाकाची खुर्ची दारातल्या तीन पायऱ्यांपाशी अडत होती. शेजाऱ्यानं जागा आपली म्हणून दावा ठोकला, निकाल लागेपर्यंत जागेला हात लावू नका असं कोर्टानं बजावलं, आणि मग प्रकरण जे थंडावलं ते थंडावलंच. जगाला उतार करून देणाऱ्याची आई तीन वर्षं घरात कोंडलेली! उचलून नेतो म्हटलं तर ती खेकसायची, "मी काय पोतं आहे का रे?"

आजही ना शेजारी आला होता, ना त्याचा वकील. वेल्डरचे स्वतःचे वकील नेहमीप्रमाणे दुसऱ्या कोर्टात अडकलेले. तो कारकुनावरच उखडला, "तो माणूस तोंड दाखवत नाही आणि तुम्ही त्याला तारखांवर तारखा देता!"

कारकुनानं फाइल त्याच्यापुढे आपटली. "वाचा की जरा. दोन वर्षं तो इकडे फिरकलेला नाही. दरवेळी अर्ज पाठवून मुदत मागितलीय ती तुमच्याच वकिलांनी."

घ्या! कुंपणच शेत खात होतं आणि हा बाबा शेजाऱ्याच्या नावानं बोटं मोडत बसला होता.

पुकारा झाला तसा तो एकटाच उभा राहिला. "साहेब, मला मुदत नको. काय तो निकाल लावा."

न्यायाधीशांनी पानं उलटली, समोरची रिकामी बाजू पाहिली आणि वादी गैरहजर म्हणून दावा फेटाळला. दोन मिनिटांत! आनंद व्हायचा तर त्याच्या तोंडात शिवीच आली.

दुपारपर्यंत उतार बसलासुद्धा; तीन वर्षं तो तयार होऊन पडलाच होता. आईची खुर्ची दारात आणून वेल्डर म्हणाला, "चल, बोल आई, कुठं जायचं?"

आईनं रस्त्याकडे पाहिलं. गाड्या भरधाव जात होत्या, माणसं घाईत होती, एकही चेहरा ओळखीचा नव्हता. तिनं चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"नको रे," ती म्हणाली, "मला भीती वाटते. दार लाव."