माहीत नाही, मॅडम!

नांदगाव खंडेश्वरच्या खुशालराव काळमेघांना धीर कशाशी खातात ते ठाऊकच नव्हतं. गेल्या वर्षी पोरगी बी.एड.च्या शेवटच्या पाठाला निघाली नाही तोच त्यांनी दारावर पाटी ठोकली: ‘कु. रागिणी खुशालराव काळमेघ, शिक्षिका’. आणि पोरगी नापास झाली! परीक्षक वर्गात आले की तिचा आवाज घशातच अडकायचा, त्या दिवशी तर तो बाहेर आलाच नाही. तेव्हापासून पाटीवर पोतं टाकलेलं होतं आणि गाव येता-जाता विचारायचं, "काहून गा खुशालराव, मास्तरीणबाई झोपल्या काय?"

यंदा अमरावतीत पुन्हा तोच शेवटचा पाठ होता. यातही नापास झाली, तर पाटी चुलीत घालायची वेळ येणार होती.

बी.एड.मध्ये शिकवायचं नसतं, ‘पाठ घ्यायचा’ असतो. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या. आधी मुलांना तीन सोपे प्रश्न विचारायचे, मग चौथा असा, की उत्तर येऊ नये. मुलं अडली की मॅडमनी ऐटीत म्हणायचं, "तर आज आपण अमुक शिकणार आहोत." याला म्हणतात हेतुकथन. चौथ्याचं उत्तर आलंच, तर सगळं मुसळ केरात!

रागिणीच्या वाट्याला आलेला सातवीचा वर्ग या कामात मुरलेला होता. दरवर्षी होतकरू शिक्षक येऊन त्याच्यावरच हात साफ करून घ्यायचे, त्यामुळे पोरांना पायऱ्या तोंडपाठ. तरी रागिणीने आदल्या दिवशी हात जोडले होते. "चौथ्या प्रश्नाले सगळ्याईनं ‘माहीत नाही’ म्हणजा हो!"

परीक्षक गावंडे सर अकोल्याहून आले. हसू बहुधा घरीच ठेवून आले होते. ते मागच्या बाकावर टेकले. रागिणीने कसेबसे तीन प्रश्न विचारले, मग चौथा टाकला.

"दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांतलं पाणी कुठे जातं?"

"माहीत नाही, मॅडम!" अख्खा वर्ग गरजला.

गावंडे सर उठले आणि पहिल्या बाकावरच्या शिवमपुढे उभे राहिले. "काहून रे, खरंच माहीत नाही?"

शिवमने मॅडमकडे बघितलं, मग सरांकडे. "माहीत आहे न सर. वाफ होऊन हवेत जाते. पण ते आता सांगाचं नसते. हेतुकथनानंतर माहीत होते."

वर्ग खदाखदा हसला. रागिणीच्या डोळ्यांपुढे पाटी आली, पोतं आलं, बाबांचा पडलेला चेहरा आला. तिला पोरांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. आता आणखी काय जायचं राहिलं होतं? तिने पाठाची वही टेबलावर आपटली.

"माहीत आहे तं मी काहून सांगत बसू? खरंच माहीत नाही ते विचारा!"

पोरं चपापली. असली पायरी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. मग शाहीन उठली.

"मॅडम, आमचा कूलर मे महिन्यात गारेगार करते. मंग पावसाळ्यात काहून नाही करत? पाणी तं तेच टाकतो आमी!"

रागिणीने बाटलीतलं पाणी तिच्या मनगटावर ओतलं आणि वहीने वारा घातला.

"गार लागते न? वाळता वाळता पाणी हाताची गरमी घेऊन जाते. कूलरातलं पाणी हवेची घेते. आता सांगा, चिंब ओल्या फडक्यानं फरशी पुसली तं पाणी टिपल्या जाईन काय?"

"नाही!"

"पावसाळ्यातली हवा तशीच."

"म्हणजे पाणी वाळतच नाही," कुंदन मागून ओरडला, "तं गार कसं होईन!"

मग काय विचारता! पोरं एकमेकांच्या हातांवर पाणी ओतून फुंकरा मारू लागली. वर्गात परीक्षक आहेत हे रागिणी साफ विसरली. तिचा आवाज पार व्हरांड्याच्या टोकापर्यंत जात होता.

घंटा झाली. सरांनी शिवमला विचारलं, "काय गा, कसा झाला पाठ?"

"पाठ कुठं झाला सर?" शिवम म्हणाला. "मॅडम तं शिकवतच बसल्या."

रागिणीने डोळे गच्च मिटले.

"एकही पायरी धड नाही," गावंडे सर पेनाला टोपण लावत म्हणाले. "पण आमच्या अकोल्यात अर्धी जिंदगी कूलरपुढं गेली, अन् हे मले आज समजलं. पास आहा तुमी."

तिने फाटकाबाहेर येऊन घरी फोन लावला.

"बाबा, पाटीवरचं पोतं काढा!"

"ते तं म्या सकाळीच काढलं," खुशालराव म्हणाले.